बैलाची शेपटी आणि रांजणातला राजा

बाबा, इथे जपानमध्ये भांड्याचा छेद उजवीकडे काढतात. तुम्ही आयुष्यभर डावीकडे काढलात. डाव्या अर्ध्यात भांडं मधोमध कापल्यासारखं, भिंतीची जाडी काळी भरलेली. उजव्या अर्ध्यात ते बाहेरून दिसतं तसं, नक्षीसकट. आणि मधून एक सरळ उभी रेघ. मी हे इतक्या लहानपणापासून बघत आले की सगळ्या जगात भांडी अशीच काढतात अशी माझी समजूत होती. इथला उत्खननाचा अहवाल पहिल्यांदा उघडला तेव्हा वाटलं, पान उलटं छापलंय. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला तसं म्हणालेसुद्धा. तो हसला नाही, इथे कोणी तोंडावर हसत नाही. "असं वाटतं खरं," म्हणाला आणि मशीनमधून मला गरम चहाचा कॅन आणून दिला. तुम्ही असतात तर आधी कपाळाला हात लावला असतात आणि मग त्याच पानात डोकं घालून दोन तास बसला असतात.

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. तेव्हा मी पुण्यात बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहीत होते आणि तुम्ही शेजाऱ्यांना सांगायचात, "आमची कन्या कॉम्प्युटरवर काहीतरी करते, मला विचारू नका." आता विचारा. आम्ही टोकियोजवळ उरायासुला राहतो. नवऱ्याच्या कंपनीने दोन वर्षांसाठी पाठवलं होतं, त्या दोन वर्षांची आता अकरा झाली. मी रोज गाड्या बदलत कावासाकीला जाते, एका लहानशा कंपनीत. ही कंपनी आधी मोटारीच्या सुट्या भागांची मापं घ्यायची, कॅमेऱ्यांनी, अगदी केसाच्या जाडीपर्यंत अचूक. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की जे मोटारीच्या भागाला चालतं ते मडक्यालाही चालेल. मी लिहिलेला प्रोग्राम खापराचे फोटो घेतो आणि तीन मिनिटांत त्याचं चित्र काढून देतो. छेद, बाहेरची बाजू, नक्षी, सगळं. तुम्हाला एका खापराला अर्धा दिवस लागायचा. ऐकून तुम्हाला राग येईल, येऊ दे. पण काठाच्या एवढ्याशा तुकड्यावरून अख्ख्या तोंडाचा घेर कसा ओळखायचा, तुकडा नेमका किती कलता धरायचा, हे त्या प्रोग्रामला मी शिकवलंय. मला कोणी शिकवलं ते तुम्हाला ठाऊक आहे.

तुमच्या ऑफिसची ती लांबट खोली मला अजून दिसते. पुरातत्त्वाच्या ऑफिसात तुम्ही आरेखक. खणणारे वेगळे, खणल्यावर पुस्तक लिहिणारे वेगळे, तुम्ही फक्त चित्रं काढायची. आपल्याच नद्यांच्या काठची तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची खापरं, तांबड्या मातीवर काळ्या रंगाची नक्षी, लाकडी ट्रेमध्ये ओळीने मांडलेली. पुस्तकावर साहेबांचं नाव मोठ्या अक्षरात यायचं आणि तुमचं आत कुठेतरी, आभारांच्या यादीत शिपायाच्या एक ओळ वर. आईला ते फार लागायचं. "एवढी डोळेफोड करता आणि नाव बघा कुठे घातलंय!" तुम्ही म्हणायचात, "नाव कुठेही असू दे, रेघ जागेवर आहे ना?" मला तेव्हा हे उगाच साधूपणाचं बोलणं वाटायचं.

तुमच्या टेबलासमोर भिंतीला एक पोस्टकार्ड टाचणीने लावलेलं होतं. कोणी परदेशी पाहुणे येऊन गेले होते त्यांनी दिलेलं. त्यावर एक ग्रीक भांडं होतं, दोन कानांचं, उभट. आपल्यासारखंच तांबड्यावर काळं, म्हणून तुम्हाला त्याचं कोण कौतुक! मी सुट्टीत ऑफिसात आले की तुम्ही त्यातली गोष्ट सांगायचात. "हा हर्क्युलिस. त्यांच्याकडचा भीम समज. राजा याला एकेक अशक्य काम सांगायचा, की हा त्यात मरावा. एकदा सांगितलं, रानडुक्कर जिवंत धरून आण. याने आणलं की खांद्यावर टाकून! राजाची अशी टरकली, अशी टरकली, की जमिनीत पुरलेल्या रांजणात जाऊन लपला. आणि हा बघ, रांजणाच्या काठावर पाय ठेवून वरून डुक्कर दाखवतोय. महाराज, माल आलाय, सही करा!" रांजणातून राजाचे दोन हात आणि घाबरलेलं डोकं तेवढं बाहेर. तुम्ही त्याचं नाव रांजणराव ठेवलं होतंत. मग घरात जो कोणी लपेल तो रांजणराव. विमा एजंट आला की आतल्या खोलीत जाणारे काका रांजणराव. गणिताचा पेपर मिळाल्यावर गॅलरीत जाऊन बसलेली मी रांजणराव. "रांजणराव, बाहेर या, पोहे झालेत," अशी तुम्ही हाक मारायचात आणि मला यावंच लागायचं.

आता त्या दिवसाकडे येते. सहावीतली दिवाळीची सुट्टी. अहवाल छपाईला जायचा होता म्हणून ट्रेसिंग पेपरवरची शेवटची चित्रं तुम्ही शाईने पक्की करायला घरी आणली होतीत. घरात सपाट जागा एकच, स्वयंपाकघरातला ओटा. आई म्हणाली, "ओट्यावर एक तर तुमची मडकी राहतील नाही तर माझी." आणि मग हरून खाली बसून चकल्या पाडायला लागली. तुम्ही कशासाठी तरी बाहेर गेलात. ओट्यावर दोन चित्रं वाळत होती, उडू नयेत म्हणून कडेला पोळपाट ठेवलेला. एकावर हरीण होतं. खापर हरणाच्या पोटाशीच तुटलेलं, त्यामुळे मागचे पाय नव्हते. दुसऱ्यावर वशिंडाचा बैल. त्याचं खापर शाबूत होतं, पण मागच्या बाजूचा रंगाचा पापुद्रा उडाला होता आणि तिथे तुम्ही कोरी जागा सोडली होतीत. मला दोघांची दया आली. खरंच सांगते, खोडी काढायची म्हणून मी काही केलं नाही, मदत करायची होती. तुमचं शाईचं पेन उचललं, तुम्ही धरायचात तसंच सरळ उभं धरलं, आणि बैलाला शेपटी काढली. दोन रेघा आणि टोकाला झुबका. इतकी झकास जमली की मी चढूनच गेले आणि हरणाला दोन पाय दिले.

तुम्ही आलात, आणि आधी हरीण पाहिलंत. ओरडला नाहीत. ओरडला असतात तर बरं झालं असतं.

"हे पाय तू पाहिलेस?"

"नाही."

"मग काढलेस कसे?"

"हरणाला चार पाय असतातच ना!"

"हरणाला असतात. या खापराला दोनच आहेत."

आई चकल्या तळता तळताच म्हणाली, "अहो, सणासुदीचं काय पोरीला धारेवर धरता? दोन पायांनी काय बिघडलं?" तुम्ही तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. दुसऱ्या दिवशी मला सायकलवर डबलसीट बसवून ऑफिसात नेलंत, त्या जागेवरची खापरं असलेले सगळे ट्रे माझ्यापुढे मांडलेत आणि म्हणालात, "शोध. पाय सापडले तर ठेवू चित्रात." मी सकाळपासून शोधत होते. बोटांच्या शेंड्यांची सालं निघाली, नाकात धूळ गेली, दोनदा रडून झालं. माझ्या वयाची सगळी मुलं किल्ले करत होती आणि मी हरणाचे पाय शोधत होते. संध्याकाळी तुम्ही तुमच्यातला अर्धा चहा बशीत ओतून माझ्यापुढे सरकवलात. "सापडले?" मी मान हलवली. "बरं, मग लक्षात ठेव. दिसलं ते सलग रेघेने काढायचं. अंदाज असेल ते तुटक रेघेने. माहीत नाही ते कोरं सोडायचं." आणि पाडव्याचे सगळे पाहुणे बाहेरच्या खोलीत बसलेले असताना तुम्ही ओट्यावर वाकून ते हरीण पहिल्यापासून काढलंत.

बाबा, तो अख्खा दिवस मला बैलाचं माहीत होतं. तुम्ही हरणाच्या चित्राच्या नादात बैलाच्या चित्राची गुंडाळी करून नळीत घातलीत आणि सकाळी ती साहेबांच्या टेबलावर गेली. मी ट्रेमध्ये पाय शोधत होते आणि नळी माझ्यापासून दहा पावलांवर होती. मला वाटलं, आता बघतील, मग बघतील. छपाईचे कच्चे कागद आले की बघतील. तुम्ही पाहिलेत ते कागद, चष्मा कपाळावर ढकलून, भिंग लावून. तुम्हाला काहीच वावगं दिसलं नाही.

दीड-दोन वर्षांनी अहवाल छापून आला. तुम्ही तो पिशवीतून काढलात, हात धुऊन आलात, आणि थेट बैलाचं पान उघडून आईला म्हणालात, "हे बघ. कसा उभा राहिलाय! इतक्या वर्षांत असा बैल उतरला नव्हता माझ्याकडून." मग त्याची मोठी झेरॉक्स काढून तुम्ही फ्रेम करून घेतलीत. स्वतःचं काहीही भिंतीवर न लावणारा माणूस, तुम्ही तेवढी एकच फ्रेम लावलीत. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी बोलायचा आग्रह केला, तेव्हा तुम्ही उभे राहून एकच वाक्य बोललात. "माझ्या हातून एकही खोटी रेघ गेली नाही." आणि बसलात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी कॉलेजात होते, आईशेजारी बसले होते, मीही वाजवल्या.

आता इथली गोष्ट. टोकियोत एक छोटं खाजगी संग्रहालय आहे, त्यांच्याकडे एक ग्रीक भांडं आहे. गेल्या वर्षी ते काम आमच्याकडे आलं. सगळ्या बाजूंनी स्कॅन करायचं, वरची चित्रं चटईसारखी सपाट उलगडून मोठ्या पडद्यावर दाखवायची. पहिल्या दिवशी त्यांनी पांढरे हातमोजे घालून ते पेटीतून बाहेर काढलं, आणि मी आ वासून बघत राहिले. डुक्कर खांद्यावर घेतलेला हर्क्युलिस, रांजणाच्या काठावर पाय. तुमच्या पोस्टकार्डातलं हे भांडं नव्हे, ही गोष्ट त्यांच्याकडे पुष्कळ भांड्यांवर आहे म्हणे. पण रांजणराव तेच. सगळे गंभीर चेहऱ्याने उभे, आणि मी एकटी येड्यासारखी हसतेय. अडीच हजार वर्षांपूर्वीची चीज, बाबा, माझ्यापासून वीतभर अंतरावर! तुम्ही जी गोष्ट पोस्टकार्डावर पाहून आयुष्य काढलंत ती मी हातात भिंग घेऊन बघत होते. माझ्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं होतं अभिमानाने, आणि तो निम्मा तुमचाच होता.

फक्त रांजणरावांचं डोकं नव्हतं. तेवढा तुकडा फार पूर्वीच हरवलाय, तिथे कोणीतरी साधं तांबूस लिंपण भरलंय. दोन हात तेवढे वर आलेले, बोटं फाकलेली. आमच्या साहेबांची कल्पना अशी की प्रोग्रामला याच गोष्टीची इतर भांडी दाखवायची आणि त्याच्याकडून चेहरा काढून घ्यायचा. मीच ते केलं. महिनाभर खपले. आला चेहरा. वटारलेला डोळा, उघडं तोंड, पुढे आलेली दाढी, आणि रेघ बाकीच्या चित्राशी अशी मिळालेली की सांधा दाखवून द्या म्हटलं तर दाखवता येऊ नये. संग्रहालयाच्या बैठकीत पडद्यावर तो उमटला तेव्हा सगळे "ओऽऽ" म्हणाले. याचंच पोस्टर करू, मुलांना आवडेल, असं ठरायला लागलं. मी खुशीत होते. मग कोणीतरी तो भाग मोठा करून दाखवला. समोर हरणाचे पाय होते. तेच, माझेच, आणखी सफाईदार.

इथे बैठकीत कोणी नाही म्हणत नाही. फार तर "जरा अवघड आहे" म्हणतात, तोच नकार. तोही आधी आपापसात बोलून झालेला असतो. मी सरळ म्हणाले, "हा चेहरा आपण कोणी पाहिलेला नाही. तो काढून टाकावा." सगळे टेबलाकडे बघायला लागले. आमच्या साहेबांनी मान खाली घालून संग्रहालयाच्या लोकांची माफी मागितली. माझं काम जाणार, हे मला त्यांच्या मानेवरूनच कळलं. तेव्हा टोकाला बसलेल्या बाई बोलल्या. त्या तिथल्या सगळ्यांत ज्येष्ठ अभ्यासक, साठीच्या, पांढरे केस आखूड कापलेले, गळ्यात दोरीला भिंग. त्यांना सगळे सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणतात. "कोरं ठेवलं तर मुलांना काय दिसेल?" मी म्हटलं, "दोन हात दिसतील. आत कोणीतरी आहे एवढं कळेल." त्या हसल्या. मग त्यांनी विचारलं, "हे तुम्हाला कोणी शिकवलं?" मी खुर्चीवर ताठ बसले आणि सांगितलं, "माझ्या वडिलांनी. ते आरेखक होते." बाबा, जपानी भाषेत आरेखकाला काय म्हणतात हे मला ठाऊक होतं, पण मी आधी मराठीत म्हटलं आणि मग त्यांना समजावलं. चेहरा गेला. कामही राहिलं. लिफ्टमध्ये साहेब एवढंच म्हणाले, "बरोबर होतं. पण पुढच्या वेळी आधी मला सांगा, म्हणजे मान खाली घालायचा सराव करून येईन," आणि स्वतःच्याच विनोदावर खोकले.

सेन्सेईंना तुमची चित्रं बघायची होती. मी काय करावं? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. पुढच्या खेपेला तुमचा तो अहवाल आईच्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून घेऊन गेले. त्या आधी मला ग्रीक भांडं समजावून देत होत्या. "या चित्रकाराने सही केलेली नाही. बहुतेकांनी नाहीच केली. पण गुडघ्याची ही वळणं बघा, कानाचा हा आकडा बघा. प्रत्येकाची सवय असते. नाव कळत नाही, हात कळतो." मग त्यांनी तुमचा अहवाल उघडला. एकेक पान किती सावकाश उलटलं त्यांनी! तुमच्या साहेबांचं लिखाण त्यांनी वाचलंच नाही, फक्त तुमची चित्रं पाहिली. "शांत हात आहे," म्हणाल्या. बैलापाशी आल्या आणि भिंग डोळ्याला लावलं. मग बोट कागदाला न लावता शेपटीवर धरून म्हणाल्या, "हे दोन हात आहेत. बैल उभा आहे. शेपटी नाचतेय."

तीस वर्षं कोणाला दिसलं नव्हतं. तुम्हालासुद्धा. आणि मी काय बोलले असेन? "नाही, सगळं वडिलांचंच आहे." त्यांनी लगेच कमरेत वाकून माफी मागितली. तुमच्या वडिलांच्या कामावर संशय घेतला, चूक झाली, म्हणाल्या, आणि अहवाल दोन्ही हातांनी मला परत दिला. गाडीत बसल्यावर मला त्या माफीने जाळलं. महिन्याभरापूर्वी त्याच बाईसमोर मी ताठ बसून तुमचा नियम सांगितला होता. गाडी भर दुपारी नदीवरून जात होती, डबा जवळजवळ रिकामा, आणि कानात तुमचा आवाज. रांजणराव, बाहेर या.

पण बाहेर कसं येणार? नवरा म्हणाला, "अगं, तीस वर्षांनी कोण बघणारे? झाकली मूठ सव्वा लाखाची." त्याचंही चुकलं नव्हतं. मी तोंड उघडलं तर तुमचं ते एकुलतं एक वाक्य खोटं पडणार होतं. तुमच्याकडे दुसरं काय होतं, बाबा? पुस्तकावर नाव नव्हतं, बढती नव्हती, एक वाक्य होतं. आणि नाही उघडलं तर मी जे बैठकीत बोलले ते खोटं. चार दिवस मी कचऱ्याचं वर्गीकरणसुद्धा धड केलं नाही, इथे प्रत्येक कचऱ्याचा वार ठरलेला, आणि मी प्लास्टिकच्या दिवशी काचेच्या बाटल्या ठेवून आले.

ती फ्रेम आमच्या उरायासुच्या घरात दारातच, बुटांच्या कपाटावरच्या भिंतीला आहे. पाचव्या दिवशी संध्याकाळी घरी आले तर तुमची नात कपाटासमोर जमिनीवर बसून सुट्टीचा गृहपाठ करत होती. नऊ वर्षांची आहे. मी मराठीत बोलते, ती जपानीत उत्तरं देते. तुमचा बैल काढत होती. छान काढला होता, पण शेपटी चांगली दीडपट लांब, झुबका तर चवरीएवढा. मी म्हटलं, "एवढी मोठी कशी गं?" ती वर न बघता म्हणाली, "शिप्पो सगळ्यात भारी आहे. आजोबांनीच काढलीय." शिप्पो म्हणजे शेपटी. मी बूट न काढता तिथेच उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून सेन्सेईंकडे गेले आणि सांगून टाकलं. दुसरा हात माझा आहे, मी अकरा वर्षांची होते, वडिलांना कळलं नाही. त्यांनी अहवाल पुन्हा मागून घेतला, पुन्हा भिंग लावलं. "अकरा?" दोनदा विचारलं. मी वाट बघत होते की आता काहीतरी सौम्य, जपानी पद्धतीचं सांत्वन येईल. त्या म्हणाल्या, "मग शेपटी काढून टाका. बाकीचा सगळा बैल त्यांचा आहे." एवढंच. आणि मी वेड्यासारखी त्यांच्या ऑफिसात रडले, बाबा, कारण तेवढ्यात माझ्या डोक्यात तुमचं वाक्य नीट शिरलं. माझ्या हातून एकही खोटी रेघ गेली नाही. नव्हतीच गेली. तुमच्या हातून नव्हतीच गेली! माझ्या हातून गेली होती. तुमचं वाक्य पहिल्यापासून खरं होतं आणि ते सिद्ध करू शकणारी साक्षीदार जगात मी एकटी, आणि मीच गप्प बसले होते.

त्याच आठवड्यात तुमच्या पुण्याच्या ऑफिसला मेल लिहिली. काहीही न सजवता लिहिलं. तिथल्या एका तरुण अधिकाऱ्याचं उत्तर आलं. त्याने तो ट्रे काढून खापर बघितलं होतं. त्या जागी काहीच नाही, नुसता उडालेला पापुद्रा, तुम्ही सोडला होतात तसा. अहवाल आता इंटरनेटवर चढवतायत, त्यात दुरुस्तीची टीप घालणार आहेत. टीप कशी असेल तेही त्याने कळवलं. मूळ आरेखन, आणि पुढे तुमचं नाव. शेपटी, आणि पुढे माझं नाव. आभारांच्या यादीत नाही, थेट चित्राखाली. चुकीसाठी का होईना, आपली दोघांची नावं एका ओळीत येतायत. मी ती मेल आईला फोनवर वाचून दाखवली. तिला ऐकू कमी येतं, तीनदा वाचावी लागली. मग म्हणाली, "म्हणजे त्यांचं नाव चित्राखाली आलं ना? झालं तर मग."

प्रदर्शन सुरू झालंय. तुमच्या नातीला घेऊन गेले होते. पडद्यावर भांडं फिरतं, हर्क्युलिस येतो, डुक्कर येतं, आणि रांजणातून दोन हात. तिने विचारलं, "चेहरा?" मी म्हटलं, "कोणी पाहिला नाही." मग मी तिला सगळी गोष्ट सांगितली, महाराज माल आलाय, सही करा, इथपर्यंत, तुमच्याच आवाजात. ती मोठ्याने हसली आणि आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. चक्क मराठीत म्हणाली, "रांजणराव, बाहेर या!" उच्चार जरा जपानी होते.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. अहवालात, बैलाच्या पानात घडी करून ठेवून देणार आहे. पण त्याआधी एक राहिलंय. इतकी वर्षं मी तुम्हाला सांगितलं नाही ते भीतीने, असं मीच मला समजावत आले. भीती होती ती पहिले दोन-तीन महिने. पुढे अहवाल छापून आला, तुम्ही हात धुऊन आलात, बैल आईला दाखवलात, आणि तुमचं बोट वशिंडावरून फिरत फिरत शेपटीवर जाऊन थांबलं. "ही रेघ बघ," म्हणालात, "ही रेघ." मी दारात उभी होते. तेव्हापासून मी गप्प बसले ती माझ्या रेघेच्या त्या कौतुकासाठी. ते मला कोणाला परत द्यायचं नव्हतं.

काल फ्रेम उघडली. शेपटी झाकायला पांढरा रंग आणला होता, बारीक ब्रश आणला होता. अहवालातली दुरुस्त होईल, ती व्हायलाच हवी. भिंतीवरची मी तशीच ठेवलीय, बाबा.